आपली होडी

नगर जिल्ह्यात राहून जो माणूस अंगणात होडी दुरुस्तीला काढतो, त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेनं बघतात हे मला आता पाठ झालं आहे. कोकणात हाच माणूस उद्योगी ठरला असता. आमच्याकडे पाऊस येतो तो लांबच्या पाहुण्यासारखा. येतो येतो म्हणून कळवतो आणि परस्पर पुण्याला उतरून परत जातो. अशा मुलखात, सावेडीच्या आमच्या अंगणात, सुताराच्या दोन घोड्यांवर बारा फुटी होडी चढवलेली बघून शेजारचे निवृत्त मामलेदार कुंपणाशी आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच म्हणाले, "काय हो, बँकेत काही सर्क्युलर आलंय का? पूरबीर येणार आहे?"

"नाही," मी म्हणालो, "वडिलांची आहे."

हे वाक्य त्या दोन वर्षांत मी किमान दोनशे वेळा म्हटलं असेल. मामलेदारांना म्हटलं, पोस्टमनला म्हटलं, शाखाधिकाऱ्यांना म्हटलं, आणि अंगणात कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून सौभाग्यवतींना तर रोजच म्हटलं. 'वडिलांची आहे' म्हटलं की आपल्याकडे कुठलाही वेडेपणा माफ होतो. तेवढं वाक्य लक्षात ठेवा. पुढे तेच माझ्या गळ्यात आलं.

होडी जर्मलची. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पण ज्या घरात आईच्या फडताळात जर्मलची पातेली होती त्या घरात होडीसुद्धा जर्मलचीच असणार. वडील मुळा धरणाच्या काठच्या गावात प्राथमिक शिक्षक होते. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळेवर हे मातीचं धरण आहे, पोटात सव्वीस टीएमसी पाणी मावतं, आणि जलाशयाला नाव ज्ञानेश्वरसागर. एवढा सागर दारात आल्यावर गुरुजींना गळ टाकायचा नाद लागला. पण धरणातली मासेमारी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते आणि परवाना असतो तो त्यांच्या सभासदाला. तेव्हा गुरुजींनी एक सभासद गाठला. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. वडील त्याला कॅप्टन म्हणायचे, म्हणून सगळा गाव कॅप्टन म्हणायचा. १९८८ साली दोघांनी भागीत ही होडी घेतली. भंगारातून आली होती. कुणी म्हणे लष्कराची, कुणी म्हणे साखर कारखान्याची. सोमवार ते शनिवार कॅप्टन जाळी टाकणार आणि रविवारी गुरुजी गळ टाकणार. सहा दिवस आणि एक दिवस ही निम्मी-निम्मी वाटणी कशी, असं मी आठव्या वर्षी विचारलं होतं. वडील गणितच शिकवायचे. म्हणाले, "रविवार मोठा असतो."

कॅप्टन २००९ मध्ये गेले, वडील २०११ मध्ये. होडी गावच्या घरामागे पालथी पडली. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. २०२२ च्या दिवाळीत गावचं घर काढायचं ठरलं तेव्हा घरातलं सगळं सामान बघून मला काही झालं नाही, पण पालथी होडी बघून घशात काहीतरी अडकलं. टेंपो केला. होडी चढवायला कॅप्टनचा थोरला आला होता. आम्ही एका वर्गातले. त्याला आता छोटा कॅप्टन म्हणतात, वय वर्षं सत्तेचाळीस. तो काही बोलला नाही. दोरी आवळताना होडीवर दोनदा थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

होडी गळते कुठे हे शोधायचं असेल तर ती पाण्यात सोडायची नसते, पाणी होडीत सोडायचं असतं. घोड्यांवर ठेवून आत वीतभर पाणी भरायचं (जास्त भरलं तर वजनानं बूडच वाकतं) आणि खाली निजून ठिबकेल तिथं खडूनं खूण करायची. आमच्या भागात पाणी एक दिवसाआड. नगरला पाणी येतं ते मुळा धरणातून. म्हणजे जी होडी पस्तीस वर्षांपूर्वी त्या पाण्यात उतरली, तेच पाणी नळानं तिला भेटायला आलं. हा विचार मला फार हृद्य वाटला. सौभाग्यवतींना वाटला नाही. त्यांनी ठिबकणाऱ्या प्रत्येक धारेखाली एकेक बादली लावली आणि त्यात धुणं भिजवलं. बादल्या सात लागल्या.

मग रिबिटा. जुनी रिबिट ढिली झाली की तिचं डोकं छिलायचं, ती पाडायची आणि नवी ठोकायची. नवी ठोकायला माणसं दोन लागतात. एकानं बाहेरून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं आतून हातोडी मारायची. एकट्यानं पिस्तुलासारख्या यंत्रानं मारायच्या रिबिटा मिळतात, पण त्या साध्या प्रकारच्या पोकळ असतात आणि त्यांच्या पोटातून पाणी येतं. बाहेर ठोकळा धरून सौभाग्यवती आणि आत हातोडी घेऊन मी, मध्ये पत्रा. लग्नाला वीस वर्षं झाली, इतका संवाद आमच्यात कधी झाला नव्हता. "धरलंय का?" "धरलंय." "नीट धरा." "तुम्ही नीट मारा."

जर्मलच्या खोड्या तेव्हा कळल्या. कॅप्टननं एके ठिकाणी भोक बुजवायला तांब्याचा पत्रा ठोकला होता. तांबं आणि जर्मल ओलीत शेजारी शेजारी राहिले की तांबं ठणठणीत राहतं आणि जर्मल झिजत जातं. (अशी जोडपी आपण पाहिलेली असतात.) तांब्याभोवतीची हातभर जागा पापडासारखी झाली होती. रंगाचं तसंच. लोखंडाला देतात तो शेंदरी पहिला हात जर्मलला द्यायचा नाही, त्यात शिसं असतं. मारुतीला चालतो तो शेंदूर जर्मलला चालत नाही. आणि डाग द्यायचा तर साधा वेल्डर हात लावत नाही, आर्गन लागतो. का, तर जर्मल वितळतं ६६० अंशाला, पण त्याच्यावर हवेनं जी बारीक साय धरते ती वितळायला दोन हजार अंशांच्या वर लागतात. साय घासून काढली नाही तर वरचं वितळायच्या आत खालचं वाहून जातं. एमआयडीसीतल्या वेल्डरनं मला हे सगळं समजावून सांगितलं आणि नंतर त्याच्याच पोऱ्यानं न घासता डाग दिला.

असं करत करत बूड बदललं. मागची फळी कुजली होती, तिथं मरीन प्लाय आला. बैठका बदलल्या, बैठकांखाली उलटली तरी तरंगावी म्हणून थर्माकोल भरला. काठ बदलले, कुशी बदलल्या, वल्ह्यांच्या कड्या बदलल्या, वल्ही बदलली. जुना म्हणून नाकाकडचा एक पत्रा तेवढा राहिला होता. तो वर सांगितलेल्या पोऱ्यानं जाळला.

जुना पत्रा भंगारात किलोवर जातो, मी वजनकाटाही विचारून ठेवला होता. पण एका बाजारच्या दिवशी छोटा कॅप्टन आला. होडीच्या मागच्या बाजूचा तीन फुटांचा तुकडा अख्खा कापून निघाला होता, त्याला बघून म्हणाला, "दादा, ह्यो मला ऱ्हाऊ द्या. शेरडांना पानी ठेवायला बेस हाये." दिला. जाताना त्यानं अंगणात अर्धवट उभ्या होडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "झ्याक व्हायली आपली होडी."

आपली.

मी कॉमर्सचा पदवीधर असलो तरी मुलगा मराठी शाळेच्या गुरुजींचा. 'आमची' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आणि 'आपली' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, हे वडिलांनी मला छडीनिशी शिकवलं होतं. 'आपली' हे आदरार्थी 'तुमची'सुद्धा असतं. 'आपली प्रकृती कशी आहे' म्हणतात तसं. दोन दिवस मी त्या अर्थाला चिकटून होतो. पण ज्यानं मला शाळेत चिंचेच्या झाडावरून ढकललं, तो मला आदरार्थी बहुवचनात कशाला घालील?

तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडून वडिलांची हिशेबाची वही काढली. १९८८, चैत्र महिना. शाईचा निळा आता तपकिरी झालेला. 'होडी, निम्मा हिस्सा, रु. ९००.'

आता माझी स्वतःची वही होती. त्यात दोन वर्षांचा खर्च रु. ६१,३४०. पहिल्या रात्री माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. फुटलेली काच बदलली तर तो महसुली खर्च, मालमत्ता तीच. नवी खोली बांधली तर भांडवली खर्च, नवी मालमत्ता. पण काचा बदलता बदलता घरच बदललं तर? जुन्या होडीचा एक चमचासुद्धा या होडीत नव्हता. म्हणजे जुनी होडी निकालात निघाली, खातं बंद, आणि ही नवी होडी सर्वस्वी माझ्या पैशाची. छोट्या कॅप्टनचा निम्मा हिस्सा त्याच्या दारात होता, त्यातून शेरडं पाणी पीत होती. हिशेब जुळला. बँकेत हिशेब जुळला की आम्ही घरी जातो. मी मात्र घरीच असल्यामुळे जायला कुठं जागा नव्हती, आणि झोप लागेना.

आमच्या शाखेचा रोखपाल तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेला आहे. नोटा मोजून झाल्या की त्याला असले विषय लागतात. त्याला दुपारच्या डब्याच्या वेळी, एका मित्राची अडचण म्हणून, विचारलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियस राजाचं तीस वल्ह्यांचं जहाज शेकडो वर्षं जपलं. फळी कुजली की नवी घालायची. मग पंडितांत भांडण लागलं, हे तेच जहाज की दुसरं? प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. त्यावर १६५५ मध्ये हॉब्ज नावाच्या इंग्रजानं तेल ओतलं. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचं पुन्हा जहाज जोडलं, तर खरं कुठलं? आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेनानं रथ दाखवून विचारलं होतं, रथ म्हणजे चाकं का, आस का, जू का?

"मग निकाल काय लागला?" मी विचारलं.

"लागला नाही अजून," तो म्हणाला आणि लोणच्याकडे वळला. आमच्या कोर्टांना लोक उगीच नावं ठेवतात.

पण जहाजाची गोष्ट ऐकताना एक गोष्ट खटकली. या पंडितांपैकी कुणाचाच त्या जहाजात निम्मा हिस्सा नव्हता. ज्याचं काही देणं लागत नाही त्याला 'तेच का दुसरं' हा प्रश्न दोन हजार वर्षं चघळता येतो.

आणि त्याच दुपारी मला आमचे एक ग्राहक आठवले. १ एप्रिल २०२० ला आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. (तारीख सरकारनं निवडली, मी नाही.) पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला, शाखेचा सांकेतिक क्रमांक बदलला, चहावालासुद्धा बदलला. महिनाभरानं हे गृहस्थ तोंडाला मुसकं बांधून काउंटरवर आले. त्यांची आमच्याकडे ठेवही होती आणि विहिरीवरच्या मोटारीचं कर्जही. म्हणाले, "ठेव नव्या बँकेत आली का?" म्हटलं आली. "मंग कर्जाचं काय, ज्या बँकेचं घेतलं ती तर मेली ना?" आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. त्यांना मी सभ्य भाषेत एक व्याख्यान दिलं होतं. काका, येणं आलं की देणंही येतं, पाटी बदलल्यानं खातं बदलत नाही, वगैरे वगैरे. फार छान बोललो होतो मी. आमच्या गावाचंच बघा, १४९० साली वसलेल्या शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पण दूधवाल्यानं उधारी नव्या नावावर पुढे ओढली, सोडली नाही.

तरी मी सुटायची वाट शोधत होतोच. भागीदारीचा १९३२ चा कायदा काढला. तसा करार नसेल तर कलम ४२ प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूनं भागीदारी संपते. उत्तम! पण कलम ३७ म्हणतं, हिशेब न मिटवता बाकीच्यांनी मालमत्ता वापरत धंदा चालू ठेवला, तर गेलेल्याच्या वारसाला नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज. धंदा म्हणाल तर कोंबड्यांनी केला होता. तरी व्याज काढलं. नऊशेवर सहा टक्के म्हणजे वर्षाला चोपन्न, २००९ ते २०२४ पंधरा वर्षं, रु. ८१०. मुद्दल धरून रु. १,७१०. पाकिटात घालून देऊन टाकावेत आणि मोकळं व्हावं! शिवाय मुदतीच्या कायद्यानं असा दावा तीन वर्षांतच लावायचा असतो, म्हणजे हे पैसेही माझा मोठेपणा. हा ठराव मी रात्री जेवताना मांडला.

सौभाग्यवती भाकरी थापत होत्या. थापतच म्हणाल्या, "दोन वर्षं माझं अंगण अडवलंत, ते ही मामंजींची होडी म्हणून. मी ठोकळा धरला तो मामंजींची म्हणून. आता म्हणताय ती होडी संपली, ही वेगळी. मग ही कुणाची? कुठल्या परक्या होडीवर एकसष्ट हजार घातलेत?"

भाकरी तव्यावर गेली. मी उत्तर शोधत राहिलो. उत्तर नव्हतंच. वडिलांची म्हणावी तर निम्मी कॅप्टनची आली. कॅप्टनची नाही म्हणावी तर वडिलांचीही राहत नाही. एका रेघेवर दोन नावं होती आणि मला त्यातलं एकच खोडरबरानं पुसायचं होतं. काउंटरपलीकडचे ते काका तोंडावरचं मुसकं काढून माझ्याकडे बघून हसताहेत असं मला वाटलं.

आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं नकला करणाऱ्यांच्या हातून तिचे पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी बसून ती शुद्ध केली, दुरुस्ती केल्याची नोंद ठेवली आणि पुढे कुणी त्यात ओवी घालू नये म्हणून बजावलं. ग्रंथाला एकनाथी कुणी म्हणत नाही. ज्या सागराला ज्ञानेश्वरांचं नाव आहे त्यात माझ्या होडीला सोडायचं होतं. आणि मी एकसष्ट हजारांत होडीबरोबर वडीलही विकत घ्यायला निघालो होतो.

आता तुम्ही म्हणाल, निम्मी होडी त्याची तर निम्मा खर्चही त्याचा. रु. ३०,६७०. हे मलाही सुचलं होतं, लगेच सुचलं होतं. पण बँकेत मंजुरीशिवाय केलेला खर्च ज्यानं केला त्याच्या पगारातून जातो. त्याला मी विचारलं होतं कुठं? होडी दोघांची आहे हे मला खर्च सांगताना आठवलं होतं, टेंपो करताना नव्हतं.

रविवारी वही घेऊन गावी गेलो. छोटा कॅप्टन अंगणात जाळं शिवत बसला होता. पलीकडे शेरडं त्या तीन फुटी तुकड्यातून पाणी पीत होती. त्यावर वडिलांनी रंगवलेल्या आकड्यातला अर्धा आकडा अजून दिसत होता. मी घसा साफ करून रेघ वाचून दाखवली.

"मला ठावं हाये की," तो म्हणाला. "आबा सांगायचे. म्हनून तर आपली म्हनलो."

"मग मागितलास का नाही हिस्सा?"

"मोडकी व्हती तवा काय मागू? आन् नीट व्हायली तवा मागितली तर बरं दिसंल का?" त्यानं सुई दातात धरली. "खर्चाचं म्हनाल तर तेवढं काय आपल्याकडं न्हाई. पर परवाना माझा हाये, जाळी माझी हायेत. रोज मीच नेनार, तर रंग-डागडुजी इथून फुडं मी बघतो. रविवार तुमचा." मग थोडा विचार करून, "आन् तुमच्या बँकेला आता दुसरा-चौथा शनिवारबी सुट्टी असती ना? तो घ्या."

वडिलांपेक्षा जास्त मिळालं. मी पाकिटातले रु. १,७१० पाकिटातच ठेवले. ते काढले असते तर त्यानं मला पुन्हा चिंचेवरून ढकललं असतं.

पुढच्या रविवारी होडी पाण्यात गेली. साहित्याची मी यादी केली होती: वल्ही दोन, जॅकेटं तीन, दोरी साठ फूट, नांगर म्हणून बांधायला दगड, बॅटरी, माशांसाठी खोकं, पाणी उपसायला डबा, प्रथमोपचाराची पेटी. एकूण बत्तीस वस्तू, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. काठावर मामलेदारसुद्धा आले होते, पूर न येताही. होडी सुटली, तरंगली, एक थेंब गळेना. रिबिट अन् रिबिट धरून बसली होती. सौभाग्यवतींनी काठावरून हात केला. आम्ही शंभर हात आत गेलो आणि माझ्या बुटात पाणी शिरलं.

"बूच?" छोटा कॅप्टन म्हणाला.

मागच्या फळीशी तळाला पाणी काढून टाकायचं भोक असतं. मी नव्या पत्र्यालाही ते जुन्याच मापानं पाडून घेतलं होतं. बत्तीस वस्तूंत बूच नव्हतं. जुन्या होडीला कॅप्टननं बाभळीचं बूच तासून बसवलं होतं, आणि ते होतं तिथंच होतं, गावात, शेरडांच्या पाण्याखाली.

छोट्या कॅप्टननं चप्पल काढली, टाच भोकावर दाबली आणि वल्ही माझ्याकडे ढकलली. "म्या धरलंय. तुम्ही मारा." मी मारली. मला वल्हवता येत नाही हे तेव्हा आम्हा दोघांना कळलं. होडी जागच्या जागी गोल फिरू लागली, काठावरून मामलेदार काहीतरी ओरडून सांगत होते आणि छोटा कॅप्टन टाच न हलवता डब्यानं पाणी उपसत, दर फेरीला म्हणत होता, "डावं, दादा. डावं."

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं ते बाभळीचं बूच आणून बसवलं. आता शेरडांचं भांडं गळायला लागलं होतं, तिथं दुसरं बूच तासून घ्यावं लागलं. सुतारानं वीस रुपये घेतले. मी वही काढली आणि लिहिलं: 'बूच, निम्मा हिस्सा, रु. १०.'